सातवा आठवडा, पाय मुरगळलाय, गोळी कुठली घेऊ?

पावसाळी_जुई:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. मला सातवा आठवडा चालू आहे, पहिलंच आहे, आणि घरात नवरा सोडून कुणालाच सांगितलेलं नाही, तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. तर झालं असं की काल संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात फरशी पुसून तशीच ओली ठेवली होती, खालच्या पायरीवरून पाय सटकला आणि डावा घोटा आतल्या बाजूला वळला. पोटावर नाही पडले, कठडा धरला होता त्यामुळे धपकन खाली बसल्यासारखं झालं, उजवं कोपर भिंतीला घासून सोललंय. पोटात दुखत नाहीये, ब्लीडिंग नाही. पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आलीये आणि रात्री असा ठणका लागला की झोपच नाही. लंगडत का होईना पण पाय टेकवून चालता येतंय.

आता मुद्दा. सासूबाईंनी लगेच औषधांचा डबा काढला, त्यात कॉम्बिफ्लॅम, डोलो ६५०, नवऱ्याला मागे पाठदुखीसाठी दिलेली झीरोडॉल एसपीची अर्धी स्ट्रिप आणि व्होलिनी. त्यांचं चाललंय की कॉम्बिफ्लॅम घे, रात्रीत बरं वाटेल, कशाला सोसतेस. मी अजून काहीच घेतलेलं नाही. आज रविवार, गायनॅकचा दवाखाना बंद, फोन लागत नाहीये, मेसेज टाकून ठेवलाय. गूगल केलं तर एका ठिकाणी पॅरासिटामॉल एकदम सेफ, दुसरीकडे ट्रम्प म्हणतोय त्याने ऑटिझम होतो, तिसरीकडे पहिले तीन महिने काही म्हणजे काहीच घेऊ नका. मग माणसाने करायचं काय? व्होलिनी चालेल का, ते तर वरूनच लावायचं असतं ना? आणि उद्या कुणी एक्सरे काढायला सांगितला तर? मला खरं सांगायचं तर त्याचीच जास्त भीती वाटतेय.

एरंडवण्याची_काकू:
अगं जुई, आधी अभिनंदन गं! आणि घाबरू नको. इतक्या लवकरच्या दिवसांत गर्भाशय अजून ओटीपोटाच्या हाडांच्या आत खाली असतं, बाराव्या आठवड्याच्या आसपास ते वर यायला लागतं, त्यामुळे असं साधं घसरून बसल्याने आत काही होण्याची शक्यता फारच कमी, हे मला माझ्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या वेळी सांगितलं होतं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला होता. पण एक विचारते, पहिली सोनोग्राफी झालीये का? गर्भ गर्भाशयातच आहे हे कळलंय का? नसेल तर पुढचे दोन-चार दिवस जरा लक्ष ठेव. डाग दिसला, ओटीपोटात एका बाजूला सणक आली, चक्कर आली किंवा उगाचच खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर रविवार-बिविवार न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणि रक्तगट निगेटिव्ह आहे का तेही सांग.

कॉम्बिफ्लॅम घेऊ नकोस एवढं नक्की. बाकी जाणकार सांगतीलच.

पावसाळी_जुई:
थँक्यू काकू. सोनोग्राफी मागच्याच आठवड्यात झाली, सगळं जागेवर आहे, ठोके पण दिसले. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

औषधवाली_सांगली:
मी फार्मसिस्ट आहे, आमचं स्वतःचं मेडिकल आहे, आणि हा प्रश्न काउंटरवर इतका येतो की काय सांगू. येतो म्हणजे काय, बऱ्याचदा येतच नाही, तीच अडचण आहे. बायका येतात, पाय मुरगळलाय म्हणतात, स्ट्रिप घेतात आणि जातात, दिवस गेलेत हे सांगतच नाहीत कारण शेजारी ओळखीचं कुणीतरी उभं असतं. म्हणून मी हल्ली पेनकिलर देताना प्रत्येकीला हळूच विचारते, काही जणी चिडतात, चिडू देत.

तर तुझ्या डब्याकडे येऊ. कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. त्यातलं आयबुप्रोफेन नको आहे. झीरोडॉल एसपीमध्ये ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरायला म्हणून घातलेलं सेराशिओपेप्टिडेज, तेही नको. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, नको. सुमो म्हणजे निमेसुलाइड, ती तर नकोच नको. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, दुखण्यासाठी म्हणून तीही नाही. ही सगळी एकाच घराण्यातली औषधं आहेत, शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं जे रसायन तयार होतं ते अडवतात, म्हणून सूज आणि दुखणं कमी होतं, पण गर्भ रुजायला आणि पुढे वाढायलाही तेच रसायन लागतं. सुरुवातीच्या दिवसांत अशी औषधं घेतल्यावर गर्भपाताचा धोका थोडा वाढतो असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही दिसलं, म्हणजे शंभर टक्के सिद्ध असं नाही, पण साध्या मुरगळलेल्या पायासाठी तो प्रश्न अंगावर घ्यायचाच कशाला.

राहिली डोलो ६५०. त्यात नुसतं पॅरासिटामॉल आहे, दुसरं काही नाही, आणि प्रेग्नन्सीत दुखण्यावर आणि तापावर पहिली गोळी म्हणून जगभर हीच देतात. क्रोसिन ५००, कॅल्पॉल ५०० पण तेच. दुखत असेल तेव्हा एक घे, दोन गोळ्यांच्या मध्ये सहा तास जाऊ देत. मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात पण तू तिथपर्यंत जायचंच नाहीस, दिवसाला दोन-तीन गोळ्यांत भागायला हवं, आणि दोन-तीन दिवसांत थांबायला हवं. वजन ५० किलोच्या आत असेल किंवा लिव्हरचा काही त्रास असेल तर ५०० चीच घे आणि आधी डॉक्टरांशी बोल. उपाशीपोटी घेतली तरी चालते, सकाळी मळमळत असेल तर हे बरं पडतं.

फक्त एक लक्षात ठेव, नावावर जाऊ नको, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. एकाच नावामागे प्लस, एसपी, एमआर, कोल्ड असं काहीतरी लागतं आणि आतला माल पूर्ण बदलतो. आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे डोलो चालू असताना सर्दीची गोळी घेतली की डबल डोस होतो आणि कळतही नाही.

रानवाटा_यवतमाळ:
हे सगळं केमिकल पोटात घालण्यापेक्षा आंबेहळद उगाळून गरम लेप लावा ताई, आमच्या आजीने आयुष्यभर हेच केलं. सोबत महायोगराज गुग्गुळ दोन-दोन गोळ्या, सांधा, हाड, सूज सगळ्यावर चालतं, आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही. आणि जवळपास हाडवैद्य असेल तर एकदा पाय ओढून बसवून घ्या, एका झटक्यात मोकळा होते.

वैद्य_देवगड:
रानवाटा, मी स्वतः बीएएमएस आहे म्हणून राहवलं नाही. लेपापर्यंत तुमचं ठीक, आंबेहळदीचा लेप जिथे कातडी सोललेली नाही तिथे लावला तर हरकत नाही, फार गरम नको एवढंच. पण गुग्गुळ गर्भिणीला देत नाहीत, हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. आणि महायोगराजमध्ये तर नाग भस्म, वंग भस्म, रससिंदूर असे पदार्थ असतात, नाग म्हणजे शिसं आणि रससिंदूर पाऱ्याचं. सातव्या आठवड्यात बाळाचे अवयव घडत असताना कुणाच्या सांगण्यावरून हे घ्यायचं नाही. आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाही हे वाक्य ऐकलं की माझंच बीपी वाढतं.

हाडवैद्याकडे ओढून घेणं तर अजिबात नको. आत बारीक फ्रॅक्चर असेल तर? आणि नसेल तरी लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, ताणलं गेलेलं असतं, ते आणखी ओढून काय मिळणार. ताज्या सुजेवर तेल लावून रगडणंही नको. जुई, हळद-दूध प्यायचं असेल तर पी, चमचाभर हळदीने काही होत नाही, पण त्याने ठणका थांबेल अशी आशा ठेवू नको. कोरफडीचा रस वगैरे कुणी सुचवलं तर नको म्हण.

रानवाटा_यवतमाळ:
ठीक आहे मॅडम, गुग्गुळचं माहिती नव्हतं. लेपाचं तरी पटलं न तुम्हाला.

न्यूजर्सीकर_आई:
ट्रम्पचं मी सांगते कारण इथे तेव्हा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दंगा झाला होता आणि माझी वहिनी त्याच वेळी प्रेग्नंट होती. सप्टेंबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधून जाहीर केलं की टायलेनॉल घेऊ नका, सहन करा. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, इथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. त्यानंतर दोनच दिवसांत डब्ल्यूएचओने सांगितलं की ऑटिझमशी संबंध आहे असा ठोस पुरावा नाही, आणि इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आपला सल्ला बदलला नाही.

मी त्या वेळी बरंच वाचलं. काही अभ्यासांत थोडासा संबंध दिसतो हे खरं आहे, पण ज्या आया वारंवार गोळी घेतात त्यांना ताप, इन्फेक्शन, मायग्रेन असं काहीतरी असतंच ना, मग परिणाम गोळीचा की आजाराचा की घराण्याचा हे कसं कळणार. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा डेटा घेऊन मोठा अभ्यास झाला, २०२४ ला छापून आला, त्यात त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, म्हणजे आई एकच, एका वेळी गोळी घेतलेली आणि एका वेळी नाही, तर तो संबंध गायबच झाला. मला ते पटलं. तरीही कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, हे सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे, पण म्हणून रात्रभर तळमळत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या हातून कॉम्बिफ्लॅम घ्यायची यात काय शहाणपण! ताप असेल तर गोळी न घेणंच उलट वाईट, सुरुवातीच्या दिवसांत जास्त ताप बाळाला चांगला नाही.

हाडमोडे_निवासी:
ऑर्थोचा रेसिडेंट आहे, सरकारी हॉस्पिटलमध्ये, नाइट संपवून लिहितोय तेव्हा चुकाकडे दुर्लक्ष करा.

एक्सरेचं आधी, कारण तुमची भीती तिथे आहे. घोट्याच्या एक्सरेमध्ये किरण घोट्यावर पडतात, पोटावर नाही. गर्भापर्यंत पोचणारा डोस ०.०१ मिलिग्रेच्याही (हे किरण मोजायचं माप) खाली असतो. नऊ महिन्यांत नुसत्या निसर्गातून, जमिनीतून आकाशातून, गर्भाला साधारण १ मिलिग्रेपर्यंत मिळतंच. आणि धोका ज्याच्या वर मानतात तो आकडा ५० मिलिग्रे. म्हणजे गरज असेल तर बिनधास्त काढा. एक्सरे रूमच्या दारावर प्रेग्नंट असाल तर सांगा अशी पाटी असते, तिथे आत गेल्यावर लगेच सांगायचं, ते पोटावर शिशाचा एप्रन देतील, तो तसा गरजेचा नाही पण मनाला बरं वाटतं. काढायचा टाळून फ्रॅक्चर अंगावर काढणं जास्त महागात पडतं, मी अशा केसेस बघितल्यात.

पण तुम्हाला लागेलच असं नाही. पडल्यावर आणि आत्ता चार पावलं टाकता येत असतील, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात त्यांच्या मागच्या कडेवर आणि टोकावर बोटाने दाबल्यावर हाडात दुखत नसेल, पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या मागे जे हाड वर आलेलं लागतं तिथे आणि आतल्या बाजूला पायाच्या कमानीच्या वर दाबल्यावरही नसेल, तर फ्रॅक्चर नसण्याची शक्यता खूप जास्त. हाडाच्या पुढे-खाली मऊ भागात दुखणं वेगळं, ते लिगामेंटचं. पाय आत वळला की बाहेरचं लिगामेंट ताणतं, तुमची सूज तिथेच आहे.

आता दुखणं कमी करायला गोळीच्या आधीचं काम बर्फ करतो आणि तो पोटात जात नाही. बर्फ थेट नाही, रुमालात गुंडाळून, १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पहिले दोन दिवस. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्यायचं, घट्ट पण इतकं नाही की बोटं निळी पडतील किंवा मुंग्या येतील, रात्री झोपताना सैल करा. आणि पाय उशीवर, छातीपेक्षा वर. लोक स्टुलावर पाय ठेवून बसतात आणि म्हणतात केलं, तेवढ्याने होत नाही, आडवं पडून दोन उशा लागतात. पहिले दोन दिवस गरम शेक, गरम पाण्यात पाय बुडवणं, मालिश नको, सूज वाढते.

मात्र आठवडाभर अंथरुणात पडूनही राहू नका. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल जास्त असतो, त्यात पाय हलवला नाही तर पोटरीतल्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुखत नाही तेवढं घोट्याने हवेत गोल काढायचे, घरातल्या घरात चालायचं. पोटरी सुजली, गरम लागली, एकाच पायाची दुखायला लागली तर लगेच दाखवा.

अजून एक, ओपीडीत गेलात तर तोंड उघडून सांगा की प्रेग्नंट आहे. आमच्याकडे गर्दीत कागदावर पेनकिलर आणि मसल रिलॅक्संट असं एकत्र लिहिलं जातं, त्यात थायोकोल्चिकोसाइड असतं बऱ्याचदा, ते प्रेग्नन्सीत चालतच नाही. समोरच्याला माहीत नसेल तर तो लिहून देणार.

पावसाळी_जुई:
बाप रे, किती सविस्तर लिहिलंय सगळ्यांनी, डोळ्यात पाणीच आलं. आत्ता दाबून बघितलं, हाडावर दुखत नाहीये, पुढच्या मऊ भागातच दुखतंय. डोलो घेतली, बर्फ लावून दोन उशांवर पाय ठेवून लिहितेय. व्होलिनीचं कुणी सांगितलं नाही अजून. कोपराला काय लावू? आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम, सासूबाई दर तासाला कॉम्बिफ्लॅम घेतलीस का विचारतायत, डोलो तापाची असते त्याने सूज कशी उतरेल असं म्हणतायत, आता काय सांगू त्यांना?

औषधवाली_सांगली:
व्होलिनीत डायक्लोफेनॅक असतं, शिवाय मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल. वरून लावलेल्या डायक्लोफेनॅकपैकी रक्तात फार थोडं जातं, गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्के, म्हणून कुणी एकदा चुकून लावलं तर घाबरून जायचं काही कारण नाही. पण वरूनच आहे म्हणजे काहीच नाही असंही नाही. तुला बर्फ आणि पॅरासिटामॉलवर भागत असेल तर राहू दे. मूव्ह, आयोडेक्समध्येही ते सॅलिसिलेट असतंच, ॲस्पिरिनचाच भाऊबंद, तेव्हा पाय भरून चोपडायचं, वर कापड बांधायचं आणि शेकायचं असलं काही करू नको, त्याने जास्त शोषलं जातं.

कोपराला साबण आणि वाहतं पाणी, कोरडं करून स्वच्छ गॉज. बीटाडीन रोज थापत बसू नको, त्यातलं आयोडीन शोषलं जातं आणि बाळाच्या थायरॉइडचा प्रश्न असतो, एखाद्या वेळी लावलं तर ठीक. जखम मातीची, गंजाची असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल. तसंही गरोदरपणात ते देतातच, आता टीटीच्या जागी टीडी आलंय, एक लवकर आणि दुसरं चार आठवड्यांनी. गायनॅकला जखमेचं सांग म्हणजे ती तारखा जुळवेल.

एरंडवण्याची_काकू:
सासूबाईंना सांग की कॉम्बिफ्लॅमने मला पोटात आग होते, मागे ॲसिडिटीने हैराण झाले होते. यात खोटं काही नाही, त्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना होतंच, आणि तुला मळमळत असेल तर तेही त्यातच खपून जाईल हाहा. नाहीतर नवऱ्याला बोलू दे, त्याने डॉक्टरांशी बोललोय, डोलोच घ्यायची म्हणालेत एवढं म्हटलं की विषय संपतो. मुलाच्या तोंडून डॉक्टर आलं की सासवा ऐकतात, अनुभव आहे.

चिंचपोकळी_लोकल:
मी तर म्हणते सासूला सांगून टाक. तीन महिने लपवायचं ठीक आहे पण घरात जी बाई डबा उघडून गोळ्या देतेय, जिना उतरताना हात द्यायचा आहे, तिला माहीत नको? माझ्या सासूला मी नवव्या आठवड्यात सांगितलं होतं, तिने बाहेर एका शब्दाने कुणाला कळू दिलं नाही.

एरंडवण्याची_काकू:
प्रत्येकीचं घर वेगळं गं. कुणाचं आधी एकदा गेलेलं असतं, कुणाला सगळ्या नातेवाईकांचे फोन नको असतात. तिचं तिला ठरवू दे. घरी नाही सांगितलं तरी चालेल, डॉक्टर आणि मेडिकलवाल्यापासून लपवायचं नाही, बस.

पेणची_पापडवाली:
मध्येच विचारते सॉरी. माझ्या नणंदेने कळायच्या आधी, डेट चुकायच्या सुमारास, दाढदुखीसाठी कॉम्बिफ्लॅमच्या तीन-चार गोळ्या घेतल्या होत्या. आता सहावा आठवडा आहे आणि ती रडून रडून अर्धी झालीये, तिला कुणीतरी ॲबॉर्शन कर म्हणालं. आणि तिच्या मैत्रिणीला तर डॉक्टरांनीच रोज ॲस्पिरिन दिलीये, मग ती कशी चालते?

औषधवाली_सांगली:
पहिलं म्हणजे त्या ॲबॉर्शनवाल्याचं ऐकू नका, अशा दोन-चार गोळ्यांसाठी कुठलाच डॉक्टर तसं सांगणार नाही. इतक्या सुरुवातीला थोड्या गोळ्या पोटात गेलेल्या बायका असंख्य आहेत आणि त्यांची बाळं धडधाकट आहेत. जास्त दिवस सलग घेतली असती तर काळजीचा मुद्दा वेगळा. आता बंद करायची, गायनॅकला कुठली गोळी, किती, कधी हे सांगायचं, ठरलेली सोनोग्राफी करायची, संपलं. दाढ अजून दुखत असेल तर डेंटिस्टकडे पाठवा, भूल देऊन दाढेचं काम प्रेग्नन्सीतही करतात, दाढेत पू ठेवून गोळ्यांवर दिवस काढण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मैत्रिणीची ॲस्पिरिन म्हणजे ७५ किंवा १५० ची, इकोस्प्रिन वगैरे. ती दुखण्यासाठी नाही, पुढे बीपी वाढण्याचा धोका असलेल्यांना साधारण बाराव्या आठवड्यापासून मुद्दाम देतात. ती तिने हा धागा वाचून मनाने बंद करायची नाही! हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

पावसाळी_जुई:
अपडेट. गायनॅकचा संध्याकाळी मेसेज आला, पॅरासिटामॉल ५०० दिवसातून तीन वेळापर्यंत, तीन दिवस, बर्फ चालू ठेव, ब्लीडिंग किंवा क्रॅम्प आले तर लगेच ये, बाकी बुधवारी बघू. एक्सरे आत्ता नको म्हणाल्या, चार दिवसांत पाय टेकवणं सोपं झालं नाही तर काढू. टीडी बुधवारीच देणार आहेत. ठणका आता पुष्कळ कमी आहे, रात्री झोप लागेल असं वाटतंय. सासूबाईंना ॲसिडिटीचं सांगितलं, त्यांनी लगेच जिरेपाणी करून दिलं. नवरा म्हणतोय त्यांना संशय आलाय.

हाडमोडे_निवासी:
छान. सूज पूर्ण उतरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि घोट्याखाली निळं-पिवळं उतरत येईल, ते बघून परत घाबरू नका, रक्त खाली झिरपतं. चप्पल मात्र ती मऊ रबरी फटक-फटक वाजणारी घालू नका, मागे पट्टा असलेली घाला, एकदा ताणलेलं लिगामेंट पुन्हा मुरगळायला वेळ लागत नाही आणि पुढच्या महिन्यांत पोट वाढेल तसा तोलही बदलतो.

सोलापुरी_चादर:
मला एकोणिसावा आठवडा आहे, कंबर धरलीये, हा धागा वाचून विचारतेय. माझ्या इथल्या मेडिकलवाल्याने पहिले तीन महिने गेले आता काहीही चालतं म्हणत व्होव्हेरान दिलीये. घेऊ का?

औषधवाली_सांगली:
नको, परत कर. लोकांना वाटतं पहिले तीन महिने गेले की सुटलो, या गोळ्यांच्या बाबतीत उलट आहे, पुढे धोका जास्त पक्का होत जातो. २० आठवड्यांनंतर यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकांनी, २०२० मध्ये तशी स्पष्ट सूचना काढली, आणि तिसाव्या आठवड्याच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. तू अगदी उंबरठ्यावर आहेस. युरोपातल्या औषध नियामकांनी तर शेवटच्या तीन महिन्यांत लावायचं जेलसुद्धा नको म्हटलंय. कंबरेला कोमट शेक दे, पोटावर नाही, कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घे, लागली तर पॅरासिटामॉल. आणि कंबरदुखी लाटेसारखी येत-जात असेल, लघवीला जळजळ असेल किंवा ताप असेल तर ती नुसती कंबरदुखी नाही, आजच दाखव. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १०८ ला फोन कर.

सोलापुरी_चादर:
लघवीला जळजळ आहे दोन दिवसांपासून. मी त्याचा आणि कंबरेचा संबंधच लावला नव्हता. निघतेच दवाखान्यात.